गोळी वाटली, पण गिळली का?

महिनाअखेर आली की आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ताटं मावत नाहीत. वहिनी डिचोली तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे आणि तिची रजिस्टरं अर्धं टेबल अडवतात. गरोदर बायकांचं वेगळं, लसीकरणाचं वेगळं, तापाच्या रुग्णांचं वेगळं, लोहाच्या गोळ्यांचं वेगळं. त्यांतले आकडे उचलून ती महिन्याच्या रिपोर्टमध्ये भरते. रिपोर्ट प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, तिथे कॉम्प्युटरवर चढतो आणि पणजीवरून दिल्लीला पोचतो. गेल्या पावसाळ्यात एकदा हुमण गॅसवर ठेवून ती बेरजा करत बसली होती. मध्येच पेन खाली ठेवून म्हणाली, "इतकी वर्षं भरते हे. वरून फोन येतो तो रिपोर्ट पोचला नाही म्हणून. पोचल्यावर कधी कोणाचा फोन आलाय गो?"

मी बरीच वर्षं आरोग्याच्या सर्वेक्षणांत काम केलं. आधी दारोदार फिरून फॉर्म भरून घेणारी म्हणून, मग ते फॉर्म तपासणारी म्हणून. त्यामुळे तिचा प्रश्न मला लागलाच. सरकारी आरोग्य योजनांमध्ये मोजणी पुष्कळ होते. त्या मोजणीवरून काही बदलणं मात्र क्वचित होतं. या दोन्हींच्या मधलं जे काम आहे, त्याला 'मूल्यमापन' म्हणतात. शब्द जड आहे, शाळेच्या प्रगतिपुस्तकाची आठवण करून देणारा आहे. काम मात्र समजायला तितकंसं अवघड नाही.

आधी एक फरक. दिवाडीला जाणारी फेरीबोट घ्या. बोटीनं आज किती फेऱ्या मारल्या, किती वेळा बंद पडली, डिझेल किती लागलं, हे रोज लिहून ठेवायचं काम म्हणजे देखरेख. पलीकडच्या बेटावरची अडलेली बाळंतीण वेळेत इस्पितळात पोचते का, पोचत नसेल तर कुठे अडते, आणि फेऱ्या वाढवल्यानं ते सुटेल की रात्रीची बोट हवी, हे शोधणं म्हणजे मूल्यमापन. फेऱ्यांची वही नसेल तर दुसरं काम करताच येत नाही. पण वही कितीही नीट ठेवली तरी बाळंतिणीचं उत्तर त्यात सापडत नाही. वहिनीची रजिस्टरं ही फेऱ्यांची वही आहे.

निळे डाग

आता जवळून पाहिलेली गोष्ट सांगते. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही शाळेत होऊ शकतं.

देशात किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. तीत 60 मिलिग्राम लोह आणि 500 मायक्रोग्राम फॉलिक अ‍ॅसिड असतं. पुढे 2018 मध्ये अ‍ॅनिमिया, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं, घालवण्यासाठी 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' मोहीम आली आणि हे वाटपही तिच्यात गेलं. या शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर गोळ्या वाटत. सगळे वर्ग एका जागी सापडतात म्हणून ती वेळ. रजिस्टर बघितलं तर दर सोमवारी हजर तितक्या गोळ्या, एकही कमी नाही. जुलैचा महिना होता. मी वर्गांच्या मागच्या बाजूला गेले, तर खिडक्यांखालच्या गटारात निळे डाग पडलेले. गोळीवरचा रंग पावसाच्या पाण्यात सुटतो. काही गोळ्या अजून अख्ख्या होत्या.

मग आम्ही नववीच्या मुलींना चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही, फक्त गेल्या चार सोमवारांत किती गोळ्या खरोखर गिळल्या तो आकडा लिहायचा. बहुतेक चिठ्ठ्यांवर एक नाही तर शून्य. नंतर बाकावर बसून गप्पा मारल्या तेव्हा कारणं बाहेर आली. सकाळी चहा-बिस्किटावर आलेल्या मुलींना गोळीनं मळमळतं. एकीनं लाजत सांगितलं, शी काळी होते. ती लोहामुळे होते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण ते तिला कोणीच सांगितलं नव्हतं. ही गोळी घेतली की पुढे मुलं होत नाहीत, असं एकीच्या शेजारणीनं तिच्या आईच्या कानात घातलं होतं.

आता बघा, गोळीपासून हिमोग्लोबिनपर्यंत किती सांधे आहेत. गोळ्या वेळेवर शाळेत आल्या पाहिजेत. मुलीला मिळाल्या पाहिजेत. तिनं त्या गिळल्या पाहिजेत. पोटात गेलेलं लोह अंगी लागलं पाहिजे, म्हणजे वर लगेच चहा प्यायला नको. पोटात जंत असतील तर तेही निघाले पाहिजेत. त्यासाठी 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला शाळांत जंतनाशक गोळी देतात. आणि मुळात तिचा अ‍ॅनिमिया लोहाच्या कमतरतेचा असला पाहिजे. बी-12 कमी असेल किंवा थॅलेसेमियासारखा आनुवंशिक दोष असेल, तर लोह देऊन फार फरक पडणार नाही. यांतला एक सांधा गळका निघाला की पुढची सगळी मेहनत गटारात जाते. आमच्या शाळेत तर अक्षरशः गेली.

योजना सुरू करायच्या आधी ही साखळी कागदावर मांडणं, ही मूल्यमापनाची पहिली खरी पायरी. काय घालतो, काय करतो, त्यातून लगेच हाती काय येतं, लोकांत बदल काय व्हायला हवा आणि तो का होईल असं आपल्याला वाटतं. जाणकार याचे चौकोन आणि बाण काढून सुंदर तक्ते करतात. वहीच्या पाठच्या पानावर लिहिलं तरी चालतं. लिहिल्याचा फायदा असा, की कुठला सांधा आपण नुसता गृहीत धरलाय ते दिसतं. या शाळेत 'दिली म्हणजे गिळली' हे गृहीत होतं.

शाळेनं वेळ बदलली. मधल्या सुट्टीत भाजी-पाव खाल्ल्यावर, बाईंच्या समोर, आणि बाई स्वतःही एक घेणार. पुढच्या महिन्यात गटारातले डाग कमी दिसले. आम्ही खूश. वहिनीनं मात्र पाणी ओतलं: "ऑगस्टात पाऊस कमी झाला ना? डाग पसरलेच नसतील."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

तुलना नसेल तर

डेंग्यूचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात रुग्ण वाढतात, वर्तमानपत्रांत फोटो येतात, पंचायत जागी होते, गाडी धूर सोडत वाड्यावाड्यांतून फिरते. चवथ होते, दिवाळी येते, आणि डिसेंबरात रुग्ण कमी होतात. मग कोणीतरी सभेत सांगतं की मोहीम यशस्वी झाली. झाली असेलही. पण पाऊस थांबला, डबकी सुकली की डास तसेही कमी होतात. धुरानं फक्त उडणारे डास मरतात, टायरमधल्या आणि कुंडीखालच्या बशीतल्या अळ्या मजेत राहतात. रुग्ण कशामुळे कमी झाले हे ठरवायचं तर विचारावं लागतं: मोहीम नसती तर काय झालं असतं?

ते 'नसतं तर' डोळ्यांना कधीच दिसत नाही. म्हणून त्याच्या जागी ठेवायला काहीतरी शोधावं लागतं. गेल्या पाच वर्षांतले त्याच महिन्यांचे आकडे, नाहीतर मोहीम न झालेला तसाच दुसरा गाव. किंवा सगळ्यांत पक्का उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून अर्धी केंद्रं निवडायची आणि तिथेच आधी काम सुरू करायचं.

हा शेवटचा उपाय गोव्यातच मोठ्या प्रमाणावर झाला, आणि त्याच्या निकालासारखा शिकवणारा निकाल मी तरी दुसरा पाहिला नाही. 'संगत' ही 1996 पासून गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था. तिनं डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली 'मानस' नावाचा प्रयोग केला. आपल्याकडे माणूस नैराश्य म्हणत नाही. तो डॉक्टरला सांगतो, झोप येत नाही, अंग दुखतं, टेन्शन आहे. अशा लोकांसाठी मानसोपचारतज्ज्ञ पुरे पडणं शक्यच नाही. म्हणून डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना शिकवून समुपदेशक केलं आणि दवाखान्यात बसवलं. 12 सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि 12 खाजगी दवाखाने, असे एकूण 24. त्यांतल्या निम्म्यांत समुपदेशक, निम्म्यांत नाही. कुठे बसवायचा ते नशिबावर सोडलेलं. दवाखाने वाटले, रुग्ण वाटले नाहीत, यालाही कारण आहे. एकाच दवाखान्यात अर्ध्या रुग्णांना समुपदेशन आणि अर्ध्यांना नाही, असं केलं तर बाकावर शेजारी बसलेल्या बायका एकमेकींना सगळं सांगतात. मग तुलना कशाची करणार?

निकाल 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सरकारी केंद्रांत जिथे समुपदेशक होता, तिथे नैराश्य किंवा चिंतेचं पक्कं निदान झालेले 65.9 टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. खाजगी दवाखान्यांत, समुपदेशकासह, 64.1 टक्के. इथपर्यंतच वाचलं तर कोणीही म्हणेल, दोन्हीकडे झकास चाललंय, सगळीकडे समुपदेशक नेमा.

आता समुपदेशक नसलेले दवाखाने बघा. सरकारी केंद्रांत 42.5 टक्के बरे झाले. खाजगीत 65.9 टक्के.

म्हणजे सरकारी केंद्रांत समुपदेशकामुळे मोठा फरक पडला. खाजगीत पडलाच नाही, तिथले रुग्ण त्याच्याशिवायही तेवढेच बरे होत होते. का? त्याचं एक शक्य कारण असं, की वर्षानुवर्षांचा घरचा डॉक्टर रुग्णाला नावानं ओळखतो, त्याची सून आणि त्याचं कर्ज दोन्ही त्याला ठाऊक असतं, तो आधीच थोडंफार ऐकून घेतो. शंभर माणसांच्या ओपीडीत ते कुठून व्हायचं? कारण काही असो, निर्णय स्पष्ट आहे. पैसे थोडे असतील तर समुपदेशक आधी सरकारी केंद्रात बसवा. तुलना केली नसती तर निम्मे पैसे अशा जागी गेले असते जिथे त्यांचं काही काम नव्हतं.

प्रत्येक योजनेला एवढा मोठा प्रयोग परवडत नाही, लागतही नाही. पण सुरुवातीचा आकडा घेऊन ठेवणं तरी जमतं, आणि नेमकं तेच राहून जातं. चवथीला घर रंगवायच्या आधी कोणी जुन्या भिंतीचा फोटो काढत नाही, तसंच हे. काम संपल्यावर सल्लागाराला बोलावतात आणि विचारतात, किती सुधारणा झाली? कशाच्या मानानं, ते त्यालाही सांगता येत नाही.

भागिले कोण?

टक्केवारी म्हणजे एक आकडा भागिले दुसरा. सगळ्यांचं लक्ष वरच्या आकड्यावर असतं. घोटाळे खालच्या आकड्यात होतात.

किनाऱ्यावरच्या एखाद्या केंद्रात लसीकरण 100 टक्क्यांच्या वर गेलेलं दिसलं तर हसू येतं. कारण साधं असतं. बांधकामावरच्या मजुरांची मुलं लस घेतात, पण अंगणवाडीच्या यादीत नसतात. वर मोजली जातात, खाली नाहीत. उलटही होतं. घर बदलून गेलेली मुलं यादीत तशीच राहतात आणि नर्सबाईंना उगाच बोलणी खावी लागतात.

मलेरियात हा खेळ फार चांगला दिसतो. गोव्यात 1986 च्या सुमारास पणजीत मलेरियाचा मोठा उद्रेक झाला होता. बांधकामं वाढत होती, टाक्यांत आणि स्लॅबवरच्या साठलेल्या पाण्यात अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी हा शहरी डास पोसत होता, आणि बाहेरून आलेल्या मजुरांच्या रक्तात परजीवी येत होता. पुढे मजुरांना आरोग्य कार्ड आणि रक्ततपासणी सक्तीची झाली, जिवाणूपासून केलेलं अळीनाशक आणि अळ्या खाणारे मासे वापरून बघितले गेले. अशा वेळी यश मोजायला दर हजार लोकांमागे वर्षाला किती रुग्ण, हा आकडा वापरतात. पण मलेरिया रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. रक्तच कमी तपासलं तर मलेरिया कागदावर आपोआप घटतो! म्हणून त्या आकड्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतात: वर्षात लोकसंख्येच्या किती टक्के लोकांचं रक्त तपासलं. तो 10 टक्क्यांच्या खाली येता कामा नये असा दंडक आहे. पहिला आकडा घटला आणि दुसराही घटला, तर टाळ्या वाजवायची घाई करू नका.

मोजायचं साधनही बघावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांमधला अ‍ॅनिमिया 2015-16 मध्ये सुमारे 31 टक्के होता, 2019-20 मध्ये 39 टक्के. गोळ्यांची मोहीम चालू असताना वाढ! ही वाढ खरी की मोजण्याची? या सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेत. थेंब यावा म्हणून बोट जोरात दाबलं तर रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन खोटं कमी दिसू शकतं. मी स्वतः फिल्डवर ते दाबलेलं बोट अनेकदा बघितलंय, दुपारी उन्हात, पुढची सहा घरं बाकी असताना. यावर देशभर वाद झाला. पुढच्या फेरीतून ही तपासणी काढून ती शिरेतलं रक्त घेणाऱ्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे दिली गेली. म्हणजे गोव्यात अ‍ॅनिमियाची चिंता करू नये असं नाही. 31 आणि 39 यांच्यातल्या अंतरावर एखादी योजना बंद करू नये, एवढंच.

रंगवलेली कुत्री

आता असं एक काम, जिथे मोजणी आणि निर्णय यांत काही दिवसांचंच अंतर होतं.

रेबीज झाला की माणूस वाचत नाही, आणि आपल्याकडे तो जवळपास नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून होतो. तो माणसांत थांबवायचा तर कुत्र्यांना लस द्यायला हवी. एका भागातल्या 70 टक्के कुत्र्यांना दर वर्षी लस मिळाली तर साखळी तुटते. दर वर्षी का? कारण रस्त्यावरची कुत्री लवकर मरतात आणि पिल्लं भराभर होतात. 70 टक्के गाठले तरी वर्षअखेर प्रमाण खाली येतं, आणि तेव्हाही ते पुरेसं राहायला हवं. गोव्यात राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी 2013 पासून हे काम केलं.

'आम्ही अमुक हजार लशी दिल्या' हा आकडा इथे कुचकामी आहे, कारण गावात कुत्री एकूण किती हे कोणालाच ठाऊक नसतं. भागिले कोण, हाच प्रश्न पुन्हा. त्यावरचा उपाय मला फार आवडतो. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाचा पट्टा ओढायचा. मग वेगळी माणसं त्याच रस्त्यांवरून फिरून रंग असलेली आणि नसलेली कुत्री मोजणार. शंभर कुत्री दिसली, त्यांतल्या साठांवर रंग, म्हणजे 60 टक्के. कुत्र्यांची जनगणना न करता टक्केवारी हातात आली. सगळी नोंद मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये जागेसकट होत असे, त्यामुळे कुठला वाडा राहिला ते नकाशावर दिसे. प्रमाण कमी पडलं की टीम पुन्हा त्या वाड्यावर. अहवाल छापून येण्याची वाट बघावी लागत नव्हती.

2013 ते 2019 या काळातल्या या कामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. वर्षाला 95 हजारांवर कुत्र्यांना लस, दीड लाख शाळकरी मुलांपर्यंत माहिती, आणि कुत्र्यांमधल्या रेबीजच्या मासिक रुग्णांत 92 टक्के घट. 2017 नंतर अभ्यासाच्या शेवटापर्यंत माणसाचा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं.

यात एक फसवी जागा आहे आणि ती इतर रोगांतही येते. पिसाळल्यासारखं वागणारं कुत्रं दिसलं तर कळवा, असं लोकांना सांगितलं, तपासणीची सोय केली, की सुरुवातीला नोंदलेले रुग्ण वाढतात. रोग वाढलेला नसतो, आधी न दिसणारा दिसू लागलेला असतो. पहिल्याच वर्षी वरच्या साहेबांनी 'तुमच्या काळात केसेस वाढल्या' म्हणून झापलं असतं, तर दुसऱ्या वर्षी कोणी कळवलंच नसतं.

झापण्याबद्दल

हा मुद्दा तांत्रिक पुस्तकांत चार ओळींत उरकतात. माझ्या मते सगळं त्यावरच अडतं. आकड्यावरून शिक्षा होणार असेल तर आकडा खोटा होतो. भारतानं हे मोठी किंमत देऊन शिकलंय. कुटुंब नियोजनात कर्मचाऱ्यांना शस्त्रक्रियांची आणि साधनांची लक्ष्यं दिलेली असत. लक्ष्यं भरत होती, कागदावर तरी, आणि माणसांवर जबरदस्ती होत होती. शेवटी एप्रिल 1996 मध्ये सरकारनं ती लक्ष्यं देशभर काढून टाकली. निळ्या गोळ्यांच्या त्या शाळेतल्या बाईंनी रजिस्टर पूर्ण भरलं ते लबाडीनं भरलं असं मला वाटत नाही. रकाना रिकामा राहिला तर खुलासा त्यांनाच लिहावा लागतो. 'दहा मुलींनी नको म्हटलं' असं लिहायला त्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

म्हणून मूल्यमापन ठरवायला बसताना खोलीत कोण कोण आहे, याला फार महत्त्व आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं, म्हणजे सीडीसीनं, 1999 मध्ये सार्वजनिक आरोग्य योजनांसाठी सहा पायऱ्यांची चौकट मांडली. जगभर ती वापरली गेली; 2024 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. 1999 च्या मूळ चौकटीची पहिली पायरी आकड्यांची नव्हतीच. ज्यांचा या कामाशी संबंध आहे त्यांना सुरुवातीपासून सोबत घ्या, अशी ती होती. शेवटची पायरी होती, जे कळलं ते वापरलं जाईल याची सोय करा. मधल्या चार पायऱ्यांवर आपल्याकडे भरपूर प्रशिक्षणं होतात, चहा-समोशासकट. पहिली आणि शेवटची राहतात. प्रश्न पणजीत ठरतात, उत्तरं वाड्यावर गोळा होतात आणि अहवाल पुन्हा पणजीतच कपाटात जातो.

मला विचाराल तर नियोजनाचा अर्धा भाग एका प्रश्नात येतो, आणि तो मोजणीच्या आधी विचारायचा: उत्तर काय आलं तर कोण काय वेगळं करणार? समजा एखाद्या पंचायतीत बायकांच्या स्तनकर्करोग तपासणीचं शिबिर भरवायचं आहे. 'किती बायका आल्या' हे आपण मोजणारच, फोटोसाठी तरी. पण संशय आलेल्या किती जणी पुढच्या तपासणीला बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात गेल्या, आणि ज्या गेल्या नाहीत त्या का नाही गेल्या, हे मोजायचं आधी ठरवलं तर लगेच पुढचं सुचतं. निम्म्या गेल्या नसतील तर पंचायत गाडी देणार का? सोबत कोण जाणार? हे बोलून ठेवलं असेल तर आकडा आल्यावर काम होतं. कोणाकडेच उत्तर नसेल तर तो आकडा मोजू नका, नर्सचा वेळ वाचेल. आधीच तिच्याकडे रजिस्टरं काय कमी आहेत?

खर्चाचंही सांगते, कारण तो नेहमी शेवटी आठवतो. योजनेच्या बजेटच्या 5 ते 10 टक्के मूल्यमापनासाठी बाजूला ठेवावेत असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. छोट्या कामात एवढेही लागत नाहीत. चिठ्ठ्यांचे कागद आम्ही जुन्या वहीचे फाडले होते.

त्या चिठ्ठ्यांचं पुढे वहिनीनं काय केलं ते राहिलंच. पाऊस कमी झाल्याची शंका तिनंच काढली होती, तेव्हा ती फेडायची जबाबदारीही तिच्यावर आली. तिच्या भागात दोन शाळा आहेत. एकीत गोळी मधल्या सुट्टीनंतर, दुसरीत अजून प्रार्थनेनंतर. दोन्हीकडे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तसाच बिननावाचा कागद फिरवायचा असं तिनं ठरवलं आणि एक पातळ वही केली. पहिल्या पानावर मोजणीच्या आधीच तिनं लिहून ठेवलं: 'मधल्या सुट्टीच्या शाळेत जास्त मुली गिळत असतील तर दुसऱ्या शाळेची वेळ बदलायची. सारख्याच असतील तर वेळेचा दोष नाही, आयांना बोलवायचं.' खाली दोन्ही हेडबाईंच्या सह्या घेतल्या. केंद्रातल्या महिन्याच्या बैठकीत डॉक्टरांनी ती वही उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, हे कुठल्या फॉर्ममध्ये चढवायचं? ती म्हणाली, कुठल्याच नाही, हे शाळेतच राहणार.